खणाचे घर, चौरस फुटांचे घर : किल्लारीनंतरच्या पुनर्वसनात घरमालकाच्या निवडीचे काय झाले

लातूर-धाराशिवकडच्या जुन्या माणसाला घर केवढे होते असे विचारले, तर तो चौरस फुटांत सांगत नाही. ‘पाच खणी होते’, ‘ढाळजेसकट सात खण होते’ असे सांगतो. ढाळज म्हणजे दर्शनी दाराजवळची छपराखालची जागा. खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा. लाकूड जेवढे लांब मिळे तेवढा खण, साधारण पाच-सहा फुटांचा. सुताराच्या हिशेबात खांब, तुळई, किलचाण असे ठरलेले नग असत. किती खण, ओसरी कुठे, चूल कुठल्या अंगाला, धान्याचे बळद कोणत्या भिंतीत, जनावरे ढाळजेत की परसात, हे घरवाला ठरवी. नग थोडे आणि ठरलेले. घरे मात्र एकासारखे एक नाही. घाऊक प्रमाणावर बांधायचे पण प्रत्येक घर ज्याच्या-त्याच्या गरजेचे निघाले पाहिजे, या गोष्टीला आज गृहबांधणीत मोठमोठी नावे आहेत. मराठवाड्यात ती पद्धत गवंडी आणि सुतार यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या होती.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या भूकंपात ती मोडली. आदल्या रात्री गणपतींचे विसर्जन झाले होते, माणसे दमून घरात झोपलेली होती. सुमारे ८ हजार माणसे गेली. पुढच्या काही वर्षांत इथे जे पुनर्वसन झाले त्यात एकाच भागात, एकाच संकटानंतर, एकाच कार्यक्रमातून घरे दोन अगदी वेगळ्या पद्धतींनी उभी राहिली. एका पद्धतीत घर तयार करून माणसाच्या हाती दिले. दुसरीत पैसे आणि नियम हाती देऊन माणसाला बांधायला लावले. घरमालकाला आराखड्यात कधी, कशासाठी आणि कितपत सामील करून घ्यावे, हे शिकायला यापेक्षा चांगले प्रकरण महाराष्ट्रात सापडणे कठीण आहे.

नेमके काय कोसळले

हे आधी नीट समजून घ्यावे लागते, कारण पुढची अर्धी गफलत इथूनच सुरू झाली. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घराची भिंत दीड-दोन फूट, कधी त्याहूनही जाड. ती दिसायला एक, पण आतून दोन: बाहेरचा दगडी पदर, आतला दगडी पदर आणि मध्ये चिपा-मातीचा भराव. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच. चिखलाच्या दर्जात (सांध्यात) बसवलेले गोलसर दगड हादऱ्यात सुटले आणि पदर एकमेकांपासून फाकून पडले. वर माळवदाची माती होती. गळती थांबवायला पावसाळ्यापूर्वी नवा थर टाकायचा, तोही जुना न काढता, त्यामुळे जाडी वाढतच गेली. एक फूट जाडीची माती दहा बाय दहा फुटांच्या छतावर साडेचार ते पाच टन भरते. माणसे या दोन गोष्टींखाली दबली.

पण अनेक घरांत भिंती पडल्यावरही लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभाच होता. म्हणजे जीव घेतला तो बंध नसलेल्या भिंतीने आणि छताच्या वजनाने. खणाच्या रचनेचा त्यात दोष नव्हता. लोकांच्या मनात मात्र एकच गोष्ट ठसली: दगडाने मारले. ते स्वाभाविकच होते. दगड नको म्हणताना दगडाबरोबर खणही गेला, आणि खणाबरोबर घरवाल्याचे ‘मला एवढे हवे, असे हवे’ हे सांगण्याचे मापही गेले.

कार्यक्रम

राज्य सरकारने जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम आखला. सर्वाधिक पडझड झालेली ५२ गावे नव्या जागी हलवायची ठरली. त्यांत किल्लारी आणि सास्तूरही होते. ही सुमारे २८ हजार घरे. काही गावे सरकारने बांधली, काही देणगीदार संस्थांनी दत्तक घेतली. त्याखेरीज दोन हजारांहून अधिक गावांतली, संख्येने दोन लाखांच्या घरात जाणारी कमी-अधिक तडकलेली घरे जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत करायची होती. ते काम मालकाने स्वतः करायचे होते.

हलवलेल्या गावांत घराचे तीन आकार होते: २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. कोणाला कोणता, हे जमिनीवरून ठरले. भूमिहीन आणि १ हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५०, १ ते ७ हेक्टरवाल्याला ४०० आणि ७ हेक्टरच्या वर ७५०.

हजारो बेघर कुटुंबे पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यात असताना हा निर्णय घेतला गेला. सातबारा उताऱ्यावरून पात्रता ठरवता येते, त्यात वशिला कमी चालतो, ठेकेदाराला तीनच नकाशे द्यावे लागतात. घाईच्या काळात हा विचार चुकीचा म्हणता येणार नाही. प्रश्न असा की, घर वेगळे करायचे तर ते कशावरून वेगळे करायचे? इथे उत्तर आले: जमिनीवरून, आणि फक्त आकारात.

१ ते ७ हेक्टर म्हणजे अडीच एकरांपासून सतरा एकरांपर्यंत. अडीच एकरांत ज्वारी-तूर घेणारा, एका बैलावर सावड करणारा माणूस आणि सतरा एकरांचा, दोन बैलजोड्या आणि तीन भावांचे एकत्र कुटुंब असलेला माणूस, दोघांनाही ४०० चौरस फूट. उलट भूमिहीन कुटुंब म्हणजे लहान कुटुंब असे मुळीच नाही. मजुरी करून चार शेळ्या पाळणारी, सासू-सासरे आणि लग्न झालेला मुलगा धरून आठ माणसे २५० चौरस फुटांत आली. घर कसे वापरले जाणार हे ज्या गोष्टींवर ठरते, त्यांपैकी सातबाऱ्यावर एकही लिहिलेली नसते: जनावरे किती, चुली किती, धान्य किती महिन्यांचे साठवायचे, सरपण आणि कडबा कुठे, घरात शिवणयंत्र किंवा किराणा दुकान आहे का, म्हातारे माणूस अंगणात झोपते की आत.

नुसते मोजून पाहिले तरी हे लक्षात येते. एका बैलाला किंवा गायीला छपराखाली किमान ४० चौरस फूट लागतात, बैलजोडीला ८०. २५० चौरस फुटांच्या घराचा जवळजवळ तिसरा हिस्सा. ज्वारीची दहा पोती दोन थरांत रचली तर ३० चौरस फूट जातात. एक बाज १८ चौरस फूट. पाणी तर मराठवाड्यात खोलीएवढीच जागा मागते. माणशी दिवसाला ५५ लिटर धरले आणि पाणी आठ दिवसांनी आले, तर पाच माणसांना २,२०० लिटर साठवावे लागते. म्हणजे २०० लिटरचे ११ पिंप, ४४ चौरस फूट. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. या जिल्ह्यांत पाणी कुठे ठेवायचे हा प्रश्न स्वयंपाकघर कुठे याच्याइतकाच मोठा आहे, आणि तो कोणत्याही चौरस फुटांच्या आकड्यात दिसत नाही.

गाव, शेजार, दिशा

घराच्या आधी गाव बदलले होते. जुन्या गावाला पांढरी म्हणतात आणि शेताला काळी, हा भेद उगाच नाही. वस्ती पांढऱ्या मातीवर, शेती काळ्या मातीवर. नव्या गावठाणांना मोठी सलग जागा लागली, ती शेतजमिनीतूनच यायची. सरळ रस्ते, काटकोनात चौक, रांगेने प्लॉट असे शहरासारखे आराखडे झाले. गल्लीच्या वळणावर भावकीची चार घरे एकमेकांकडे तोंड करून असत, मध्ये सामाईक अंगण असे. रांगेच्या घरात दाराबाहेर थेट रुंद रस्ता आला. त्या रस्त्यावर ना सावली, ना बायकांना निवांत बसून तूर निवडायला आडोसा. रस्ता रुंद ठेवण्याला सुरक्षिततेचे कारण होतेच: अरुंद गल्ल्यांत ढिगारा पडून सुटकेची वाट बंद झाली होती. रुंद रस्ता हवाच होता. पण वस्तीच्या आतल्या बोळांना आणि अंगणांना तेच माप लावण्याची गरज नव्हती.

रांगेच्या आखणीत एक तांत्रिक चूक दरवेळी होते. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रस्त्याच्या पश्चिमेकडची घरे पूर्वेला तोंड करतात, पूर्वेकडची पश्चिमेला. ठेकेदार एकच नकाशा आरशासारखा उलटवून दोन्ही बाजूंना वापरतो. स्वयंपाकघर आग्नेयेला हवे ही इथल्या बहुसंख्य घरांची पहिली अट असते. पूर्वाभिमुख घरात आग्नेय दिशा दर्शनी बाजूला येते, पश्चिमाभिमुख घरात मागे. उलटवलेल्या नकाशाने एका बाजूची सगळी घरे चुकतात. मग मालक पहिल्या वर्षीच चूल उचलून दुसऱ्या खोलीत नेतो आणि धुराडे, मोरी, सांडपाण्याचा नळ जागच्या जागी निरुपयोगी होतात. ज्याला वास्तू मानायची नाही त्याने मानू नये, पण घर बांधून देणाऱ्याला ही मागणी आधी विचारावीच लागते. ती विचारायला पैसा लागत नाही.

शेजार निवडू द्यावा का, हा यापेक्षा अवघड प्रश्न. भावकी जवळ हवी ही मागणी खरी आहे. आजारपणात, बाळंतपणात, शेतात असताना लेकरांकडे बघायला तीच असते. पण ‘शेजार तुम्हीच ठरवा’ म्हटले की जुन्या गावातली वेस, तिच्याबाहेरची वस्ती आणि पाण्यापासूनचे अंतर जसेच्या तसे नव्या आराखड्यात उतरते. म्हणून ही निवड अर्धीच द्यावी. पाच-सहा कुटुंबांनी आपखुशीने गट करावा. तो गट गावात कुठे बसेल हे मात्र चिठ्ठी टाकून ठरावे, आणि पाणी, मुख्य रस्ता, शाळा यांपासूनचे अंतर सर्व गटांना सारखे राहील अशी आखणी आधीच झालेली असावी. काही गोष्टी ग्राहकाच्या निवडीला ठेवायच्या नसतात, आणि ही त्यांतली पहिली.

उशिरा आलेले उत्तर

घरे मिळाल्यावर कुटुंबांनी काय केले, ते या प्रकरणातले सर्वांत बोलके आहे. पुढे पत्र्याचे छप्पर आले, मागे गोठा आला, बाजूला न्हाणी आली, संडासात सरपण आणि शेणी रचल्या गेल्या. कोणी शेतातच वस्ती करून राहिले, कोणी जुन्या पांढरीत परत जाऊन जनावरे बांधू लागले. आराखड्याच्या वेळी न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे लोकांनी अशी बांधून दिली.

त्यात धोकाही होता. मूळ घर काँक्रीटच्या ब्लॉकचे, पट्टे (सगळ्या भिंतींतून सलग फिरणारी सळई-काँक्रीटची पट्टी) घातलेले. वाढीव खोली मात्र जुन्या गावातून आणलेल्या दगडांची, पुन्हा चिखलाच्या दर्जात, पुन्हा आरपार दगडाशिवाय. पत्रा उडू नये म्हणून त्याच्यावर धोंडे. दोन्ही भिंती नुसत्या एकमेकींना टेकलेल्या. हादरा बसला तर नवी भिंत जुन्या भिंतीला धडका देते. कुठे दार पाडताना लिंटलचा, म्हणजे दार-खिडक्यांच्या वरचा, पट्टाच तोडलेला असतो, आणि तो एका जागी तुटला की सगळ्या भिंतींना एकत्र धरून ठेवण्याचे त्याचे काम संपते. लोकांना हे कळत नव्हते म्हणून असे झाले, असे म्हणणे अन्यायाचे आहे. घर वाढणार हे प्रत्येकाला माहीत होते, पण ते कुठे आणि कसे वाढवायचे याची सोय घरातच ठेवलेली नव्हती.

जिथे पैसे मालकाच्या हाती होते

दुरुस्ती आणि मजबुतीकरणाच्या भागात नुकसानीच्या प्रमाणात १७ हजार किंवा ३४ हजार रुपये हप्त्याहप्त्याने मिळाले. अभियंते गावोगावी नेमले गेले. गावातल्याच बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून निवडले गेले: घरोघर जाऊन योजना समजावणे, हप्ता कुठे अडकला ते शोधणे, गवंडी पट्टा घालतो की नाही यावर डोळा ठेवणे. स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था या कामात होती. घरमालकाच्या सहभागाचे काम बाहेरच्या तज्ज्ञापेक्षा गल्लीतली, शिकलेली, बोलकी बाई चांगले करते, हे इथे सिद्ध झाले. अभियंत्यापुढे गप्प बसणारी बाई संवाद सहायकाला सांगते की न्हाणीचे दार रस्त्यावर उघडते.

अभियंत्यांनी सुचवलेले उपाय स्वस्त आणि पक्के होते. माळवदाची माती आठ इंचांपर्यंत कमी करा, खाली प्लॅस्टिकचा कागद घाला. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरा, म्हणजे दोन्ही पदर बांधले जातील. खांब आणि तुळई यांच्या सांध्याला तिरके टेकू द्या. भिंतीला वरून पट्टा घाला.

लोकांनी बहुतांश ठिकाणी हे केले नाही. त्यांनी त्याच पैशातून विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली आणि जुने दगडी घर शेजारी तसेच ठेवले. याला ‘लोकांनी पैसे दुसरीकडे वळवले’ म्हणणे सोपे आहे, पण त्यातून काही शिकता येत नाही. भिंतीच्या पोटात गेलेली सळई दिसत नाही. जिने घरातली माणसे मारली त्या दगडी भिंतीवरचा विश्वास सळईने परत येत नाही. नवी खोली दिसते, त्यात रात्री झोप लागते. ग्राहकाने आपल्या भीतीच्या मापाने निवड केली. चूक त्या निवडीच्या मांडणीत होती: ‘जुने मजबूत करा’ किंवा ‘नवे बांधा’ असे दोनच पर्याय समोर होते. ‘नवी खोली बांधा, पण पहिल्या हप्त्यात जुन्या माळवदाची माती उतरवा’ असा तिसरा पर्याय हप्त्याला बांधून दिला असता, तर झोपायची खोली नवी आणि दिवसा वापरायचे घर हलके, असे दोन्ही साधले असते. खोरे, टोपली आणि मजुरी याखेरीज माती उतरवायला फारसे काही लागत नाही.

हेच काम खणाने केले तर

आता मराठवाड्यात एखादी वस्ती, गावठाणाचा विस्तार किंवा घरकुलांचा गट बांधायचा असेल, तर या प्रकरणावरून पद्धत अशी बसवता येते.

पहिले काम म्हणजे न बदलणाऱ्या गोष्टी ठरवणे आणि त्या लोकांना पहिल्याच दिवशी, कारणासह सांगणे. निवडीला बसण्यापूर्वी कुंपण दिसले की माणूस चिडत नाही. निवड केल्यावर ‘हे होत नाही’ म्हटले की चिडतो. इथला खण जुन्या खणाहून मोठा, एका खोलीएवढा, आणि त्याचे माप ठरलेले: भिंतीच्या मध्यापासून मध्यापर्यंत ३.२ मीटर. ४०० मिमी लांबीचे बरोबर आठ काँक्रीट ब्लॉक बसतात, तोडातोड होत नाही, आणि २०० मिमीची भिंत वजा जाता आत ३ मीटर बाय ३ मीटर मोकळे मिळते. तीन खण म्हणजे २७ चौरस मीटर. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला किमान २५ लागतात, ते त्यात बसतात. (ते २५ चौरस मीटर म्हणजे २६९ चौरस फूट. १९९३ नंतरच्या सर्वांत लहान घरापेक्षा जेमतेम १९ फूट जास्त. तेव्हाचे अनुभव म्हणूनच आजही लागू आहेत.)

जोत्याला आणि लिंटलला सलग पट्टा ठरलेला. पाच मीटरपर्यंतच्या भिंतीला ७५ मिमी जाडीचा पट्टा, त्यात ८ मिमीच्या दोन सळया, दर १५० मिमीवर ६ मिमीची आडवी कडी. एका सुट्या खणाच्या चार भिंती १२.८ मीटर, एका पट्ट्याला सांध्यांसह ८ मिमी सळई सुमारे ११ किलो, कड्यांना सुमारे ४ किलो, काँक्रीट ०.१९ घनमीटर. लागून दुसरा खण घेतला की एक भिंत सामाईक होते आणि हे सारे पाऊण पटच लागते. हे आकडे घरमालकाला सांगावेत. पट्ट्यामागे पंधरा किलो लोखंडासाठी सुरक्षितता सोडायची का, असे विचारले की बहुतेक जण नाही म्हणतात. ‘भूकंपरोधक तरतुदी’ एवढेच म्हटले की तो खर्चाचा बागुलबुवा वाटतो. भूकंपाच्या वेळी हा भाग नकाशावर सर्वांत सुरक्षित समजल्या जाणाऱ्या पहिल्या झोनमध्ये होता. २००२ मध्ये तो तिसऱ्या झोनमध्ये आला. म्हणून पट्टा हा पर्याय म्हणून ठेवायचाच नाही.

दार-खिडकी कोपऱ्यापासून किमान दोन फूट दूर, आणि एका भिंतीतल्या सगळ्या उघड्या जागांची रुंदी मिळून भिंतीच्या निम्म्याहून जास्त नाही. न्हाणी, मोरी आणि संडास एकाच भिंतीला. याला नळाच्या खर्चाखेरीज दुसरे कारण काळी माती आहे. ती पाणी पिऊन फुगते, वाळली की भेगाळते. न्हाणीचे पाणी जोत्याच्या एका कोपऱ्यात मुरत राहिले की तेवढाच कोपरा वर उचलला जातो आणि दाराच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी भेग पडते. म्हणून शोषखड्डा पायापासून दहा फूट तरी दूर, जोत्याभोवती तीन फुटांची फरसबंदी, आणि पाया मुरुमापर्यंत. मुरूम फार खोल असेल तर सल्लागाराकडून पाया वेगळा काढून घ्यावा, तिथे अंदाज चालत नाही.

एवढे पक्के झाल्यावर मोकळे काय राहते? खण किती: तीन, चार की पाच. पुढे बंद ढाळज की उघडी ओसरी. चूल पाण्याच्या भिंतीच्या कोणत्या अंगाला. गच्चीला जिना आता की नंतर. उन्हाळ्यात गच्चीवर झोपणारे आणि कुरडया-शेवया वाळवणारे घर जिन्याला खोलीहून वरचा क्रमांक देते, हे आराखडाकारांच्या लक्षात येत नाही. गोठा मागे, बाजूला की नाहीच. खणांचे तीन, ढाळजेचे दोन, चुलीचे दोन, जिन्याचे दोन, गोठ्याचे तीन: बहात्तर तऱ्हेची घरे होतात. नकाशे बहात्तर लागत नाहीत. मूळ खणाचा एक आणि जोडनगांचे सहा-सात पुरतात.

विचारण्याची रीत महत्त्वाची. ‘तुम्हाला कसे घर हवे?’ हा निरुपयोगी प्रश्न आहे. उत्तर येते ‘तुम्ही द्याल ते’ किंवा शहरातल्या पाहुण्याच्या फ्लॅटचे वर्णन. त्याऐवजी आजचे घर मोजावे. संध्याकाळी, बायका शेतातून परतल्यावर, चूल पेटलेली असताना जावे. बाजा किती, पोती किती, पिंप किती, जनावरे किती, रात्री कोण कुठे झोपते, पाहुणा आला की कोण उठून कुठे जाते, हे एका कागदावर काढावे. ग्रामसभेत पुरुष बोलतात आणि दर्शनी भाग ठरतो. मागचा अर्धा भाग, जिथे दिवसाचे काम चालते, तो या भेटीतच कळतो.

दुसऱ्या भेटीत पुठ्ठ्याचे नग न्यावेत: एका फुटाला एक इंच. खण दहा इंचांचा, बाज सहा बाय तीनची, पिंप दोन इंची गोल, बैलजोडीचा दहा बाय आठचा तुकडा. घरच्यांनी ते स्वतः मांडावेत. प्रत्येक नगाच्या मागे त्याची किंमत लिहिलेली असावी आणि मिळणाऱ्या अनुदानापुढे किती पदरचे घालावे लागतील याची बेरीज तिथल्या तिथे व्हावी. किंमत नसलेली निवड ही इच्छा असते, आणि इच्छेवर बांधकामाची ऑर्डर देता येत नाही.

तिसरी भेट प्लॉटवर. फक्कीने खरे माप आखावे, दाराच्या जागी दोन काठ्या रोवाव्यात, खरी बाज आणून ठेवावी. पुठ्ठ्यावर मोठी वाटलेली खोली इथे लहान वाटते. मोकळ्या माळावर आखलेली कोणतीही खोली लहानच दिसते हे लोकांना आधी सांगावे, नाहीतर प्रत्येक जण एक खण वाढवून मागतो आणि कर्जात जातो. शक्य असेल तर गटात पहिले एक घर पूर्ण बांधून बाकीच्यांना त्याच्या आत उभे करावे.

त्यानंतर सही, आणि निवड बंद. जोत्याचा पट्टा पडेपर्यंत दार-खिडकी हलवता येईल, लिंटलच्या पट्ट्यानंतर भिंतीत काहीही बदलणार नाही, हे निवडपत्रकावर मोठ्या अक्षरांत लिहावे.

प्रत्यक्षात कुठे बिघडते

सर्वांत जास्त बिघाड कागद आणि गवंडी यांच्यामध्ये होतो. चाळीस घरे वेगवेगळी असली की गवंडी सकाळी कालचेच घर डोक्यात ठेवून भिंत चढवतो. निवडपत्रक साइट ऑफिसच्या फायलीत असते, प्लॉटवर नसते. उपाय साधा: जोते झाल्यावर त्याच्यावरच लाल ऑइलपेंटने घर क्रमांक, प्रत्येक दार, खिडकी आणि चुलीची जागा रंगवायची, तीही घरातले माणूस समोर उभे असताना. भिंतीचा पहिला थर चढला की चूक दुरुस्त करायला तासभर लागतो, सातव्या थरानंतर दोन दिवस आणि भांडण.

दुसरा बिघाड साहित्याच्या मोजणीत. डाव्या-उजव्या उघडणीच्या चौकटी सरासरीने मागवल्या की शेवटच्या घरांना उलट्या चौकटी येतात. सगळ्यांची निवड बंद झाल्याशिवाय चौकटींची ऑर्डर द्यायची नाही. ब्लॉक, सिमेंट, सळई मात्र आधीच मागवता येते, कारण खण सगळीकडे तोच. कोणती वस्तू निवडीच्या आधी घ्यायची आणि कोणती नंतर, ही रेघ जिथे ओढाल तिथून पुढे प्रत्येक घर वेगळे होते. ती जितकी उशिरा ओढता येईल तितका खर्च आटोक्यात राहतो.

तिसरा, शेजाऱ्याचे पाहून मन बदलणे. हे होणारच. म्हणून निवड एकेका घराची बंद न करता गटाची एकाच दिवशी बंद करावी. आदल्या संध्याकाळी सर्वांचे पुठ्ठ्याचे नमुने समाजमंदिरात शेजारी-शेजारी मांडून ठेवावेत.

शहरात, लातूर-नांदेड-छत्रपती संभाजीनगरच्या बांधकाम व्यावसायिकांना हीच पद्धत वापरायची तर रेराच्या (स्थावर संपदा नियमन कायद्याच्या) कलम १४ कडे बघूनच पुढे जावे लागते. मंजूर नकाशातल्या सदनिकेत बदल करायला त्या खरेदीदाराची आधी संमती लागते. इमारतीच्या रचनेत किंवा सामाईक जागेत बदल करायला दोनतृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. म्हणून पर्याय आधी आखून, सगळ्यांसह नकाशा मंजूर करून घ्यावा आणि करारनाम्याला निवडपत्रक जोडावे. तोंडी ‘करून देऊ’ने इथे दोघेही अडकतात.

ताबा देताना

किल्लारीच्या घरांत राहून गेलेली गोष्ट म्हणजे पुढचा खण. तीन खणांचे घर पाच-सात वर्षांत पाचाचे होणार, हे धरूनच ज्या बाजूला वाढ होईल त्या कोपऱ्यांत जोत्याच्या आणि लिंटलच्या पट्ट्याच्या सळया ६० सेंटिमीटर बाहेर सोडाव्यात. उघड्या ठेवल्या तर तीन पावसाळ्यांत गंजतात आणि गंज आतल्या पट्ट्यातही शिरतो, म्हणून त्यांच्यावर एकास आठ मालाचे ओबडधोबड वेष्टण द्यावे, जे पुढे छिन्नीने सहज निघेल. सळया सोडणे जमत नसेल तर नवी भिंत टेकवू नये, मध्ये इंचभर फट ठेवून ती स्वतंत्र उभी करावी. दोन्ही चालते, टेकवलेली भिंत चालत नाही.

घराच्या किल्लीबरोबर एक पत्र्याची पाटी द्यावी, ढाळजेच्या आतल्या भिंतीला ठोकलेली: घराचा नकाशा, पट्टे कुठून गेले आहेत ती लाल रेघ, सळया सोडलेले कोपरे, शोषखड्ड्याची जागा, दोन हजार लिटरची पाण्याची टाकी गच्चीच्या कोणत्या कोपऱ्यावर ठेवायची ती खूण (भरल्यावर ती दोन टनांची होते, भिंतींच्या सांध्यावरच बसली पाहिजे). कागद उंदीर खातात. दहा वर्षांनी वाढीव खोलीसाठी येणारा गवंडी वेगळा असतो, आणि घरमालकाने त्याला प्रथम त्या पाटीसमोर उभे करावे.